गाडीवान नसलेली दमणी

हिंगोलीच्या स्टँडमागं चहाची एक टपरी आहे. तिथं आम्हा रिटायर झालेल्या ड्रायव्हरांची रोज बैठक भरते. बैठक कसली, ज्यांना घरात कोणी विचारत नाही ते तिथं येऊन एकमेकांना विचारतात. मागच्या महिन्यात एकानं पेपरातली बातमी आणली. बाहेरदेशी म्हणे ड्रायव्हरशिवाय चालणारी मोटार काढायचं चाललंय. माणसानं मागं बसायचं, मोटार आपल्या अकलेनं जाणार. झालं, सगळे त्या मोटारीवर तुटून पडले. समोर म्हैस आली तर ब्रेक कोण मारील? माणूस चिरडला तर जेलात कोण जाईल, मोटार? शेवटी सगळ्यांत म्हातारा म्हणून माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "लेकहो, तसली गाडी माझ्या घरची होती. तिला चार शिंगं होती."

हसले. हसू द्या. या अंकाच्या संपादकांनी मला मोटारीच्या दिवसांबद्दल लिहायला सांगितलं आहे. पण मोटार मी पोटासाठी चालवली. जीव होता तो दमणीवर, आणि माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा धडा मी त्या दमणीवर नसताना शिकलो. म्हणून लिहितो ते तिचंच.

दमणी म्हणजे माणसं नेणारी हलकी बैलगाडी. वर कामट्यांची कमान, तिच्यावर तट्ट्या, आत कडबा आणि कडब्यावर गोधडी, पुढच्या फळीवर गाडीवान. माझे वडील हिंगोली स्टेशनाबाहेर दमणी लावायचे, त्यांच्यामागं मी लावू लागलो. राज्य निजामाचं होतं. आगगाडीतून उतरलेल्या माणसाला नरसीला, कळमनुरीला नाहीतर डोंगरकड्याला जायचं तर आमच्याशिवाय गती नव्हती. माझी जोडी लाल कंधारी. एकाचं नाव भोळ्या, दुसऱ्याचं वकील. वकील पाऊल टाकण्याआधी मान वळवून माझ्याकडं बघायचा, या मुद्द्यावर तुमचं म्हणणं काय असं विचारल्यासारखा. म्हणून वकील.

बाहेरच्या माणसाला वाटतं की गाडीवान गाडी चालवतो. तसं काही नसतं. काळ्या मातीच्या वाटेवर चाकं फिरून फिरून दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असत. चाक एकदा चाकोरीत पडलं की बैल आपसूक चालत. गाडीवानाची गरज लागायची ती वाटेला फाटा फुटला तर, नाहीतर समोरून दुसरी गाडी आली तर. त्यासाठी आमचा कायदा होता. भरल्या गाडीनं चाकोरी सोडायची नाही, रिकामीनं बाजूला व्हायचं. हा कायदा बैलांनाही पाठ होता. आपण भरलेले आहोत की रिकामे, ते त्यांना मानेवरच्या वजनावरून कळे, आणि भरलेले असले तर समोरून जिल्ह्याचा अव्वल तालुकदार आला तरी ते तसूभर हलत नसत.

त्यामुळं बाजार करून रात्री परतणारे गाडीवान खुशाल आडवे होऊन घोरायचे. टवाळ पोरं मग पहिल्या गाडीचे बैल धरून हळूच उलटे वळवून द्यायची, आणि मागची सगळी रांग इमानानं तिच्या मागोमाग. उजाडल्यावर डोळे चोळत बघावं तर आपण परत बाजारातच. माझीही एकदा फजिती झाली. शाळा तपासायला आलेले एक साहेब नरसीला निघाले होते. दुपारचं ऊन, त्यांना डुलकी लागली, मलाही लागली. त्याच आठवड्यात मी एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला रोज त्याच्या वखारीवर नेत होतो. साहेब जागे झाले ते तंबाखूच्या पोत्यांसमोर. शिंकत शिंकत मला म्हणाले, "हेच का नामदेवांचं देऊळ?" आता यात बैलांचं काय चुकलं? बैल शिकवलं तेवढंच करतात, फक्त जरा जास्त इमानानं.

आता हमीदाबींचं सांगतो. हमीदाबी हिंगोलीतल्या दाई. वाणी, कासार, सय्यद, तांड्यावरचे बंजारे, ज्याच्या घरी पाळणा हलायचा तिथं त्यांचे हात आधी पोचलेले असत. माझी लेकरंही त्यांच्याच हातावर आली. आम्ही त्यांना खाला म्हणायचो. पुढं त्यांच्या डोळ्यांत मोती उतरले आणि शेवटी शेवटी उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. पण हात तसेच राहिले. पोटावर पंजा ठेवायच्या, मान तिरकी करून ऐकायच्या आणि सांगायच्या, "अजून टाइम हाय, भाकरी खाऊन घ्या समदे."

दाईनं गाडी मागितली तर गाडीवानानं नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. गावातून बोलावणं आलं की मी त्यांना घेऊन जायचो. तिथं जमलं तर ठीक, नाही जमलं तर बाईला दमणीत घालून हिंगोलीच्या दवाखान्यात आणायचं. मागं गोधडीवर अडलेली बाई, तिच्या उशाशी हमीदाबी, पुढच्या फळीवर मी. अशा कितीतरी खेपा मी केल्या.

त्यातली एक खेप मी विसरू शकलेलो नाही. एका सुताराची सून होती, पहिलटकरीण. त्या दिवशी मी जीव ओतून गाडी हाकली. एकेक दगड चुकवला. खड्डा आला की कासरा आखडून बैलांना पाऊल पाऊल टाकायला लावलं. आतून हूं नाही की चूं नाही. मला बरं वाटलं, म्हटलं बाईला जरा झोप लागली. कयाधू नदीच्या उतारावरून पाण्यातनं पलीकडं निघालो तेव्हा हमीदाबी मागून म्हणाल्या, "म्हादू, आता सावकाश चाल. घाई न्हाई राहिली."

तेवढ्यावरून मी समजलो. पुढची सगळी वाट मला बैलांची शेपटंही नीट दिसत नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हमीदाबी भिंतीला हात लावत लावत माझ्या दारी आल्या. म्हणाल्या, "म्हादू, मला दमणी दे, बैलं दे. तू नको."

"म्हंजी, खाला?"

"म्हंजी पुढच्या फळीवर कोनी बसायचं न्हाई."

"अन् हाकील कोन?"

"वकील हाय ना. सांजच्याला घरी येतातच की बैलं आपल्या पायानं."

मला फार लागलं. सुताराच्या सुनेचं खापर माझ्या माथी फुटलं, असंच मी धरून चाललो. "माझ्या हाकण्यात कसूर काय राहिली ते तर सांगा," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "कसूर न्हाई बेटा. तुझ्यासारखा हाकनारा हिंगोलीत न्हाई." मग काढता काहून, यावर मात्र गप्प. बरं, दुसरा गाडीवान ठेवला असता तर मी समजलो असतो. पण गाडीवानच नको म्हणजे मी वकिलापेक्षाही गेलो! तरी दाईला नाही म्हणता येत नव्हतं. बैल त्यांच्या अंगणात नेऊन बांधले आणि त्यांना बिनमाणसाचं चालायला शिकवायला लागलो.

काम वाटतं तेवढं अवघड नव्हतं. जाताना बोलवायला आलेला माणूस पुढं चालायचा, बैल त्याच्या मागं. परतताना घरची ओढ असतेच. आधी मी फळीवर मुकाट बसून राहिलो, मग गाडीच्या मागं चालत गेलो, मग खूप मागं राहिलो. अडचण आली ती निराळीच. बैलांनी वाटेबरोबर माझ्या सवयीही उचलल्या होत्या. नाक्यापुढच्या पानवाल्यापाशी थांबले, कारण मी तिथं विडा खायचो. उतारावर थांबले, कारण मी बिडी ओढायचो. पुढं एका बोरीच्या झुडपाशी थांबले ते काही केल्या हलेनात.

"इथं काहून थांबले रं?" हमीदाबींनी विचारलं.

तिथं मी कशासाठी थांबायचो ते त्यांना कसं सांगणार? "बोरं खायाची सवय हाय त्यांना," मी म्हणालो. बोरीला पालाही नव्हता, पण ते त्यांना कुठं दिसणार होतं! या सगळ्या जागा त्यांच्या डोक्यातून काढता काढता माझे दात पडायची वेळ आली.

मग एका बाजारच्या दिवशी गाडीवान नसलेली दमणी हिंगोलीच्या रस्त्यावर आली, आणि अमीनसाहेबांनी, म्हणजे तेव्हाच्या फौजदारांनी, ती अडवली. सभोवती बाजार गोळा झाला. मीही त्या गर्दीत होतो, पण पुढं झालो नाही. म्हटलं बघू या, आता हाकणाऱ्याची गरज पटते की नाही.

"इस गाडी का हाकनेवाला कौन है?"

"मैं हूं साब," आतून हमीदाबी म्हणाल्या.

"तुमको तो दिखता नहीं."

"देखना बैलां का काम है साब. बोलना मेरा."

"और किसी को धक्का लगा तो जिम्मेदार कौन?"

या प्रश्नावर वकिलानं मान वळवून अमीनसाहेबांकडं असं काही बघितलं की बाजार खो खो हसला. साहेबही हसले. त्यांनी हुकूम दिला की बैलांच्या गळ्यात मोठ्या घंटा बांधा आणि पुढच्या फळीवर लाल फडकं लावा, म्हणजे गाडीवर माणूस नाही हे लोकांना लांबून कळेल. लोक मग फडकं दिसलं की आधीच बाजूला होत, लेकरांना कडेवर उचलून घेत. कुणाला कधी साधं खरचटलंही नाही. खरं सांगतो, मला थोडा रागच आला.

म्हातारी मंडळी कुरकुरली. आज आंधळी एकटी फिरते, उद्या डोळस बायाही फिरतील, म्हणाली. आणि झालंही तसंच. हमीदाबींची बहीण नरसीला असायची. तिला भेटायला जायचं तर त्यांना आजवर पुतण्यांच्या हातापाया पडावं लागे. नरसीची वाट तर बैलांना पाठच होती, आता मनात आलं की निघायच्या. मग शेजारची एक विधवा लेकीला भेटायला त्यांच्याबरोबर निघाली, मग आणखी कोणी. पुढं पुरुष नाही म्हणून आत बायका गाणी म्हणत जायच्या, मोठमोठ्यानं हसायच्या. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ते ऐकायचो. माझी दमणी, माझे बैल आणि माझ्यावाचून एवढी मजा! बरं वाटायचं आणि जीव जळायचाही.

मी मोटारीवर गेलो. हिंगोलीहून नरसीकडं एका सेठची मोटार सुरू झाली होती. लढाईचा काळ, पेट्रोल मिळेना, म्हणून ती कोळशावर चालायची. मागं लोखंडी पिंप बसवलेलं, त्यात लोणारी कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवून तो फुलवायचा आणि त्याचा धूर इंजिनाला पाजायचा. चढ आला की पाशिंजरांनी उतरून ढकलायचं. घरी गेलो की लेकरं मला ओळखायची नाहीत, इतका काळा व्हायचो. बैलांच्या संगतीत वाढलेल्या मला या मोटारीची एकच गोष्ट खटकायची. रोज त्याच रस्त्यानं नेऊनही ती काही शिकत नव्हती. क्षणभर चाक सोडलं की निघाली नाल्याकडं.

एके दिवशी सकाळी भरली मोटार घेऊन नरसीकडं निघालो होतो. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडलेला, दोन्ही बाजूंची काळी रानं लोण्यासारखी झालेली. समोरून घंटांचा आवाज आला. मग लाल फडकं दिसलं. माझीच दमणी, चाकोरी धरून सरळ माझ्या अंगावर येत होती. मी भोंगा वाजवला. भोळ्यानं कान हलवले, तेवढंच. दमणी भरलेली होती आणि भरल्या गाडीनं चाकोरी सोडायची नाही, हे मीच त्यांना शिकवलेलं. मोटारीचा भोंगा त्यांच्या कायद्यात कुठं होता? मी चाक फिरवलं आणि मोटार रानात घातली. पुढची चाकं फतकल मारून बसली. सेठचे मुनीम आत होते, ते ओरडले, "अरे, बैलाला वाट देतो? मोटारनं बैलाला?"

त्यांचं पुढचं बोलणं कोणाला ऐकू गेलं नाही. कारण दमणी जवळ आली आणि आतून एका बाईची किंकाळी उठली. नुसती किंकाळी नाही. ती बाई नवऱ्याला शिव्या देत होती, सासूला देत होती, ज्यानं बाईचा जन्म दिला त्या देवाला तर वेचून वेचून देत होती. आणि मधे मधे हमीदाबींचा आवाज, "वरड, वरड माय! अजून जोरात! घे दम!" मोटारीतले बाप्ये माना खाली घालून बसले. एका म्हातारीनं हात जोडले. बैल आमच्याकडं न बघता तसेच चालत पुढं गेले.

गाडीच्या बरंच मागं एक तरणा बंजारा पागोटं हातात घेऊन चालत येत होता. नवरा तिचा. मी विचारलं, "तू असा लांब काहून?"

"हमीदाबीनं सांगितलं," तो म्हणाला. "तिचं वरडनं तुला ऐकू आलं न्हाई पाह्यजे, म्हनली. इतक्या लांब राह्य."

मोटार रानातून निघायला दुपार झाली. मुनीमांनी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या, मी ऐकून घेतलं. संध्याकाळी हिंगोलीत आलो तो तसाच, काळ्या तोंडानं, हमीदाबींच्या अंगणात गेलो. त्या बैलांच्या मानेला तेल चोळत होत्या. बाई आणि बाळ दोन्ही दवाखान्यात सुखरूप होते. मूल आडवं होतं, त्यांनी वाटेतच हातानं फिरवत आणलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण इतके दिवस पोटात ठेवलेलं बाहेर पडलं. "खाला, लई वरडत होती ती बाई. धक्के लागत असतील. माझ्या हाकण्यात कधी कोन्ती बाई वरडली का? येक तरी?"

हमीदाबींचा हात थांबला.

"न्हाई वरडली," त्या म्हणाल्या. "येकबी न्हाई वरडली. पुढं परका बाप्या बसलेला, बेटा. कशी वरडतील? तोंडात पदर कोंबून घ्यायच्या. मी पदर काढायची, त्या परत कोंबायच्या."

मी तिथंच अंगणात खाली बसलो.

"डोळे होते तवा मी त्यांच्या तोंडाकडं बघून समजायची, कळ कितीची हाय, येळ किती हाय. डोळे गेल्यावर मला त्यांचा आवाजच पाह्यजे. त्यो न्हाई तर मला काय दिसतं? सुताराची सून गप होती. तू चांगला हाकून राहिला होता, ती गप होती, अन् मला बी वाटलं, तिला आराम हाय." त्यांनी तळहाताचं तेल वकिलाच्या मानेवर पुसलं. "तुला कसं सांगू? तू काय केलं होतं? काहीच केलं नव्हतं. फकत तिथं होता."

त्या रागानं म्हणाल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या माझी समजूत घालत होत्या.

घरी आलो. माझी बायको गया चुलीपुढं भाकरी थापत होती. धाकट्याच्या वेळी ती अडली होती. तिच्या माहेराहून, डोंगरकड्याकडून, मीच तिला दमणीत घालून हमीदाबींकडं आणलं होतं, आणि तिचा भाऊ माझ्या शेजारी फळीवर बसला होता. इतकी लांबची वाट, पण गया वाटभर शांत होती. याचा मी चारचौघांत कितीदा डौल मिरवला असेल! हातपाय न धुता मी तिच्यापुढं बसलो आणि हमीदाबींनी सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. मग विचारलं, "गया, तूबी?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"मंग काय," ती म्हणाली. "दादा बसला होता ना पुढं. माझा खालचा व्हट पार फाटला होता. दुसऱ्या दिवशी तुमी बघितला. म्हनले, थंडीनं उकलला, लोनी लाव."